परसातला दयाळ

आमच्या परसात, आडाच्या कठड्याला लागून, शेवग्याचे एक जुने झाड आहे. माघ सरत आला, थंडीचा काटा बोथट झाला आणि पहाटेच्या काळोखात आंब्याच्या मोहोराचा वास दरवळू लागला, म्हणजे त्या झाडाच्या अगदी शेंड्यावर, पूर्वेला तांबडे फुटण्याच्याही आधी, एक काळा-पांढरा पक्षी येऊन बसतो आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत गात राहतो. माझी आई दर वर्षी त्या पहिल्या दिवशी चुलीपुढून उठून मागल्या दारी येई आणि समाधानाने म्हणे, "आला हो आपला गवई गावाहून!" तो गावाला गेला होता याविषयी तिला तिळमात्र शंका नसे, कारण श्रावणापासून पौषापर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्मे वर्ष, त्याचा सूर कोणाच्या कानी पडलेला नसे, आणि जो ऐकू येत नाही तो येथे नाहीच, असे मानणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

दुसरे कोडे आरशाचे. ओटीवरच्या खांबाला दाढीसाठी एक लहान आरसा टांगलेला असे. एका चैत्रात हाच मधुर कंठाचा पक्षी त्या आरशावर तुटून पडला. चोचीने ठोके द्यावेत, पंखांनी झपाटे मारावेत, थकवा आला की चौकटीवर बसून मागे डोकावून पाहावे आणि तेथे कोणी सापडत नाही असे दिसताच पुन्हा समोर येऊन भांडण सुरू करावे, असा क्रम तीन दिवस चालला. शेवटी आरशावर फडके टाकले तेव्हा कोठे तो निवळला. अर्धे वर्ष मुका, उरलेल्या अर्ध्या वर्षात असा गाणारा, आणि गाण्याच्याच दिवसांत इतका भांडखोर! या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. परंतु ते हाती लागण्यापूर्वी हा पक्षी कोण, तो गातो कसा आणि कोणासाठी, हे पाहिले पाहिजे.

काळी बंडी, पांढरे धोतर

या पक्ष्याचे नाव दयाळ. आकाराने तो बुलबुलाएवढा, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १९ सेंटिमीटर भरतो. नराचे डोके, गळा, छाती आणि पाठ तुकतुकीत काळी असते, आणि छातीवरचा काळा रंग आखणीने रेघ ओढावी तसा एकदम संपून त्याखाली शुभ्र पोट सुरू होते. काळी बंडी घालून खाली पांढरे धोतर नेसलेल्या नेटक्या गृहस्थाची आठवण व्हावी, असा एकंदर थाट. मिटलेल्या काळ्या पंखावर एक लांब पांढरा पट्टा असतो. शेपटीची मधली पिसे काळी आणि कडेची पांढरी असून ती शेपटी तो वारंवार पाठीवर उभारतो आणि एखाद्या पंख्याप्रमाणे उघडतो व मिटतो. मादीची वस्त्रे याच बेताची. मात्र नर जेथे काळा तेथे ती जुन्या पाटीसारख्या करड्या रंगाची असते. पिलांची अंगे तपकिरी आणि खवल्याखवल्यांची दिसतात.

उन्हात पाहिले असता नराच्या काळ्या रंगावर निळसर झाक खेळते; ती मात्र निळ्या रंगद्रव्याची नव्हे. पिसांत मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते आणि त्यावर, आपली नखे ज्या जातीच्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाचा, अतिशय पातळ पारदर्शक थर असतो. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला म्हणजे त्या बिनरंगी तेलावर जशी रंगांची वलये उमटतात, तशीच या थरावर प्रकाशकिरणांची एकमेकांत सरमिसळ होऊन ही निळाई उमटते. म्हणूनच ढगाळ दिवशी तोच पक्षी केवळ काळा दिसतो.

दयाळाला निबिड अरण्य फारसे मानवत नाही आणि उघडे माळरानही नको असते. पालापाचोळ्याने झाकलेली, किंचित ओलसर, सावलीची जमीन त्याला लागते, कारण किडे, नाकतोडे, मुंग्या, गांडुळे हे त्याचे मुख्य अन्न बहुधा जमिनीवरच मिळते. गाण्यासाठी एखादी उंच, उघडी जागा लागते आणि घरट्यासाठी एखादे भोक. या तिन्ही सोयी एकत्र कोठे सापडतात, तर माणसाच्या परसात. कोकणातील नारळी-पोफळीची आगरे, देशावरील विहिरींच्या काठचे मळे, गोव्यातील कुळागरे, मुंबई-पुण्याच्या जुन्या बंगल्यांची आवारे, इतकेच काय, रुग्णालयांच्या आणि कचेऱ्यांच्या मागील बाजूची दुर्लक्षित झाडीदेखील त्याला पसंत पडते. सावर आणि पांगारा फुलले म्हणजे तो मधही चाखतो. क्वचित एखादी लहानशी पालही त्याच्या चोचीत दिसते. भारताप्रमाणे श्रीलंका, बांगलादेश, दक्षिण चीन आणि थेट इंडोनेशियापर्यंत त्याचा संचार आहे. बांगलादेशाने तर त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला असून तेथील दोन टाक्यांच्या नोटेवर एके काळी त्याचे चित्र छापलेले असे. तेथे त्याला दोयेल म्हणतात.

नावाची गमतीदार कहाणी

आपल्या इकडील दयाळ, दहियर, दोयेल ही सर्व नावे एकाच गोतातील दिसतात. त्यांतील 'दयाल' हा उच्चार अठराव्या शतकात एलिझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराच्या कानावर गेला, आणि त्याने आपल्या पुस्तकात या पक्ष्याला 'डायल-बर्ड' म्हटले. इंग्रजीत डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. पुढे लव्हायाँ या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने त्याचा संबंध सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या छायायंत्राशी जोडून त्याचे तसेच नामकरण केले! १७५८ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिले त्यात 'साउलॅरिस' हा शब्द आहे. हा शब्द सूर्यवाचक 'सोलॅरिस' लिहिताना झालेला लेखनदोष असावा, असे जर्डन या पक्षिशास्त्रज्ञाने अनुमान केले. परंतु एडवर्ड ब्लाइथ या दुसऱ्या पक्षिशास्त्रज्ञाने त्याला हरकत घेतली. मद्रासच्या किल्ल्यातील एडवर्ड बल्कली नावाच्या शल्यवैद्याने फार पूर्वी या पक्ष्याचा एक नर लंडनला पाठविला होता, आणि त्यासोबत जे देशी नाव कळविले होते ते 'साउलरी' असे होते. ब्लाइथच्या मते त्याचा अर्थ शंभर गाणी असणारा. लिनियसने सूर्याला वंदन केलेले नसून मद्रासेतील कोणा अज्ञात पाखरे धरणाऱ्याचाच शब्द जतन केला, हे मला फार मोलाचे वाटते. मराठी वाचकाचा घोटाळा याहून निराळा होतो. दयाळ म्हणजे दयाळू असे तो समजतो, आणि स्वभावाने हा पक्षी तसा मुळीच नाही, हे आरशाच्या प्रकरणावरून दिसलेच आहे.

एका गळ्यात दोन सनया

आपले स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, गळ्यात असते. पक्ष्यांचा आवाज मात्र श्वासनलिकेच्या तळाशी, जेथे ती दुभंगून तिच्या दोन शाखा दोन फुप्फुसांकडे जातात, त्या बेचक्यात निर्माण होतो. या अवयवाला आपण शब्दिनी म्हणू. दोन्ही शाखांच्या मुखाशी पातळ पडदे असतात, आणि आतून येणाऱ्या हवेने ते थरथरले की स्वर उमटतो; पडदे किती ताणायचे हे भोवतालचे चिमुकले स्नायू ठरवितात. येथे विलक्षण गोष्ट अशी की, उजव्या आणि डाव्या बाजूचे स्नायू स्वतंत्रपणे चालू शकतात. देवळातील चौघड्यात एक वादक सनईवर राग वाजवितो आणि शेजारी बसलेला दुसरा सूर धरतो. गाणाऱ्या पक्ष्याच्या ठायी ही दोन्ही कामे एकाच गळ्यात होऊ शकतात. एका बाजूने खालचा आणि दुसरीने वरचा स्वर काढून, दोन्ही एकत्र किंवा एकामागून एक इतक्या झपाट्याने जोडले जातात की, आपल्या कानाला ती एकच वळणदार तान वाटते.

मग हा गवई श्वास केव्हा घेतो? पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि त्या पेटीच्या भात्यासारखे काम करतात. शिवाय गाणारे पक्षी दोन स्वरांमधील निमिषमात्र फटीत लहानसा श्वास ओढून घेतात. म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की, एवढ्याशा छातीत एवढा दमसास आला कोठून. वस्तुतः भाता प्रत्येक स्वरागणिक पुन्हा भरला जात असतो.

परंतु उत्तम सनई हाती असणे आणि राग येणे या दोन भिन्न गोष्टी होत. कोंबडीच्या पिलाला आरवणे शिकवावे लागत नाही. दयाळाच्या वर्गातील पक्ष्यांना मात्र गाणे शिकावे लागते. पिलू थोरांचे गाणे ऐकते, मनात साठविते, पुढे पुटपुटत पुटपुटत त्याचा रियाज करते आणि मग ते त्याच्या गळ्यावर चढते. दयाळाची तयारी येथेच थांबत नाही. शेजारच्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल तो आपल्या गाण्यात सफाईने गुंफतो, आणि त्यामुळे एकाच परसातील दोन नरांची गाणी नेमकी सारखी नसतात. दयाळाचा चुलतभाऊ श्यामा हा सह्याद्रीच्या जंगलात राहणारा पक्षी तर गाण्यात त्याच्याही वरचढ. आणि पक्ष्याच्या गाण्याचे जगातील पहिले ध्वनिमुद्रण म्हणून जे ओळखले जाते, ते १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने आपल्या पाळीव श्यामाचेच केले होते.

पहाटेचा जाहीरनामा

आता, हे गाणे कोणासाठी? वसंताचा आनंद त्याच्या कंठातून ओसंडतो, असे आपण सहज बोलून जातो. दयाळाला गाताना काय वाटते याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण त्या गाण्याने काय घडते, हे मात्र निरीक्षणाने कळते. शेवग्याच्या शेंड्यावरून निघालेले गाणे दूरवर जाते, आणि त्या टापूतील प्रत्येक दयाळ नराला वर्दी पोहोचते की, हा आड, हे शेवग्याचे झाड, ती पडकी भिंत आणि मधली पालापाचोळ्याची जमीन यांवर एका नराचा कब्जा आहे, तो जिवंत आहे, धडधाकट आहे आणि आपल्या हद्दीत हजर आहे. तेच गाणे मादीच्या कानी पडले म्हणजे त्याचा अर्थ निराळा होतो: येथे जागा आहे आणि ती राखणारा समर्थ आहे. एकाच दस्तऐवजावर एका पक्षाला मनाई आणि दुसऱ्याला निमंत्रण लिहिलेले असावे, तसा हा प्रकार आहे.

हा दस्तऐवज रोज नव्याने बजावावा लागतो. रात्री थंडीने किंवा घुबडाच्या पंजाने एखादा मालक नाहीसा झाला, तर सकाळी त्याचा सूर उमटत नाही, आणि मोकळी झालेली जागा बळकावण्यास उमेदवार टपलेलेच असतात. पहाटेची वेळ तर या कामाला सर्वांत सोयीची: वारा पडलेला असतो, इतर गलबला नसतो, आणि किडे दिसण्याइतका उजेड नसल्याने पोटाचा उद्योगही सुरू करता येत नाही.

हुकूम बजावूनही जो हद्दीत घुसतो, त्याच्याशी प्रत्यक्ष झुंज घ्यावी लागते. आधी दोघेही चोच आकाशाकडे उभारतात, अंग फुगवितात, शेपटी उलगडतात आणि ताठ पावलांनी एकमेकांसमोर मिरवतात. बहुतेक वेळा एवढ्यावरच निकाल लागतो. आरशातील प्रतिस्पर्धी मात्र मागे हटेना! आपण चोच उभारली की तोही उभारतो, आपण झेप घेतली की तोही घेतो. अशा उर्मटापुढे माघार घेणे कोणत्याही मालकास शक्य नाही. ज्याचा आरसा असेल त्याने विणीच्या दिवसांत तो झाकून ठेवावा. नाहीतर या व्यर्थ भांडणात पक्ष्याची पुष्कळ शक्ती खर्च होते.

गाणे ही दयाळाची सारी भाषा नव्हे. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातील अभ्यासकांनी त्याच्या आवाजांचे बारकाईने वर्गीकरण केले आहे. रात्रीच्या मुक्कामाला जाताना आणि सकाळी तेथून निघताना काढायचे आवाज, धमकीचे, शरणागतीचे, पिलांचे अन्न मागण्याचे आणि संकटाचे, असे अनेक प्रकार त्यात आहेत. मांजर दिसले की तो जो कर्कश 'खर्रर्र' असा आवाज काढतो, तो ऐकणाऱ्याला हा त्याच गळ्याचा असेल असे वाटणारही नाही.

या दोन गुणांनी, गळ्याने आणि झुंजार वृत्तीने, दयाळाचा घातही केला आहे. पूर्वी आपल्या देशात त्याला गाण्यासाठी आणि झुंजींसाठी पिंजऱ्यात ठेवीत. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने येथे ते निषिद्ध आहे. पण आग्नेय आशियात गाणाऱ्या पाखरांचा बाजार अजून तेजीत आहे. सिंगापुरात हा पक्षी एके काळी घरोघरी दिसे. पिंजऱ्यांसाठी झालेली धरपकड आणि बाहेरून आलेल्या साळुंक्यांशी घरट्याच्या भोकांसाठी झालेली स्पर्धा यांमुळे तो तेथून जवळजवळ नामशेष होण्याच्या बेताला आला होता.

दिवस मोठा झाल्याची वर्दी

माघातच हे सारे का सुरू होते? पक्ष्याजवळ पंचांग नसते, पण दिवसाची लांबी मोजण्याचे साधन असते, आणि ते डोळ्यांत नसून मेंदूच्या तळाशी खोलवर असते. कवटी पातळ असल्यामुळे प्रकाशाचा अंश आत झिरपतो. कंदिलाभोवती तळहात धरला असता बोटे जशी लालसर पारदर्शक दिसतात, त्याचाच हा प्रकार. १९३०च्या दशकात झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग करून असे दाखविले की, डोळ्यांच्या मदतीवाचूनही मेंदूपर्यंत पोहोचलेला प्रकाश जननेंद्रियांची वाढ घडवून आणतो.

ही वर्दी मेंदूकडून पोष ग्रंथीला मिळते, ती रक्तातून आपले स्राव सोडते, आणि त्यांच्या हुकमाने नराचे वृषण, जे एरवी मोहरीच्या दाण्यासारखे आकसलेले असतात, ते वाढू लागतात. गाणाऱ्या कित्येक पक्ष्यांत ही वाढ आकारमानाने शेकडो पट होते. त्यांतून टेस्टोस्टेरोन हा स्राव रक्तात उतरतो, आणि तो गाण्याला व भांडणाला एकाच वेळी चेतवितो. शेवग्यावरचा गवई आणि आरशावरचा भांडखोर हे दोघेही एकाच द्रव्याची निर्मिती होत.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, आपल्याकडे दिवसमानात असा कितीसा फरक पडतो? पुण्याचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांहून थोडा अधिक असतो. म्हणजे फरक दोन तासांच्या आसपास. पण पनामाच्या अरण्यातील एका पक्ष्यावर केलेल्या प्रयोगात, दिवस अवघा १७ मिनिटांनी वाढविला असताही त्याच्या देहाने त्याची दखल घेतल्याचे आढळले. उष्ण प्रदेशातील पक्षी इतके सूक्ष्मग्राही असू शकतात; शिवाय अन्नाची सुबत्ता आणि पावसाची चाहूल यांचीही साक्ष ते काढतात.

भिंतीतले बिऱ्हाड

आपल्याकडे मार्चपासून जुलैपर्यंत दयाळाची वीण चालते. त्याच्या चोचीत सुताराचे बळ नसल्याने त्याला स्वतः भोक कोरता येत नाही. झाडाची नैसर्गिक ढोली, सुतार पक्ष्याने सोडलेले घर, जुन्या वाड्याच्या भिंतीत परांचीच्या वाशांसाठी ठेवून दिलेले भोक, वापरात नसलेली पन्हळ, असे जे आयते सापडेल त्यावर तो वहिवाट सांगतो. भिंतीला बांधलेले मडके किंवा लाकडी पेटीही त्याला चालते. घरट्याचे काम मुख्यतः मादीचे. गवत, मुळ्या, केस आणून ती आठवड्याभरात आत एक उथळ गादी रचते. बाहेरून आदबशीर दिसणाऱ्या या पक्ष्यांचे घरटे आतून तसे साधेच असते.

मग रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी होतात. ती फिकट निळसर हिरवी असून त्यांवर तपकिरी शिंतोडे असतात. यांतील निळसर हिरवा रंग पित्तात आढळणाऱ्या द्रव्याच्या जातीचा, आणि तपकिरी रंग रक्ताच्या लाल द्रव्याशी नाते सांगणारा. कवच तयार होत असताना मादीचे शरीर ही दोन्ही द्रव्ये त्यात घालते, आणि परिणामी सुकल्या गवतात ठेवलेले अंडे चटकन नजरेस पडत नाही.

अंडी उबविण्याचे काम एकटी मादी करते. पिसे ही उत्कृष्ट रजई असल्याने देहाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, आणि म्हणून उबविण्याच्या दिवसांत मादीच्या पोटावरची पिसे गळतात, तेथील कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि गरम पाण्याने शेकण्याच्या पिशवीसारखी ती उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते. खुडूक कोंबडी उचलून पाहणाऱ्या कोणाही गृहिणीला हे ठाऊक असेल. सुमारे १२-१३ दिवसांनी उघडी, आंधळी, केवळ तोंड उघडण्यापुरतीच समर्थ अशी पिले बाहेर येतात. मादी भरविण्याचा अधिक भार उचलते, नर पहाऱ्याचा. आणि ढोलीच्या काळोखात त्या तोंडांच्या पिवळ्या कडा हीच आईबापांना घास कोठे टाकायचा याची खूण असते. पिलांची विष्ठा पातळ पांढऱ्या पुरचुंडीत बांधलेली बाहेर पडते, आणि घास देऊन परतताना पालक ती चोचीत धरून दूर टाकतात. एवढ्याशा बंद जागेत पाच जिवांचे बिऱ्हाड राहते, ते या व्यवस्थेच्या आधारावर. दोन आठवड्यांच्या सुमारास पिले बाहेर झेपावतात, आणि त्यानंतरचे काही दिवस त्यांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. घरातल्या मांजराला त्या आठवड्यात कोंडून ठेवणे हे मी तरी आमच्याकडे नियम म्हणून पाळतो.

चौकट : पाहावे कोठे, ऐकावे केव्हा
आकार : बुलबुलाएवढा, सुमारे १९ सेंमी.
नर : निळसर झाकेचा काळा, पोट आणि पंखावरचा पट्टा पांढरा. मादी : काळ्याच्या जागी करडा रंग.
जागा : बागा, परसे, आगरे, विरळ जंगल.
गाणे : फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत, पहाटे, उंच शेंड्यावरून.
वीण : मार्च ते जुलै, अंडी ४ ते ५.

मौनाचे महिने

जुलै संपता संपता पिले पांगतात, आणि नराच्या रक्तातला तो चेतविणारा स्राव ओसरतो. वृषण पुन्हा आकसतात. याच सुमारास वर्षभर वापरून विटलेली पिसे गळून नवी येण्याचा मोठा खर्चिक काळ सुरू होतो. शेपटीचे एखादे पांढरे पीस पडल्याने हा एरवीचा रुबाबदार पक्षी काही दिवस अगदी ओशाळवाणा दिसतो. उड्डाणाला पंख पुरते साथ देत नाहीत, राखायला घरटे नाही, बोलवायला मादी नाही. अशा स्थितीत उंच शेंड्यावर बसून आपला ठावठिकाणा साऱ्या मुलखाला कळविणे म्हणजे शिक्र्याला आमंत्रण देणे. म्हणून तो खाली उतरतो. अडुळशाच्या जाळीत, केळीच्या बुंध्यांमागे, खताच्या खड्ड्याच्या कडेला त्याचा दिवस जातो.

आईला हे दाखवून द्यावे असे मला फार दिवस वाटत होते, आणि एका पौषात तो योग आला. दिवेलागणीची वेळ होती; इतर पाखरे केव्हाच झाडांवर परतली होती, आणि दयाळ हा उशिरापर्यंत जागणारा पक्षी असल्याने मी तिला घेऊन मागल्या दारी उभा राहिलो. खरकटे टाकण्याच्या जागेपाशी पाचोळा खसखसला, एक काळी सावली दोन उड्या मारून थांबली, शेपटी वर झाली, तिच्या कडेचे पांढरे त्या अंधुक उजेडात क्षणभर चमकले, आणि एक हलकी, आखूड शीळ ऐकू आली. आई पुष्कळ वेळ तिकडे पाहत राहिली. मग हातातली शिळ्या भाताची ताटली तिने जोत्यावर ठेवली आणि मला हळूच म्हणाली, "म्हणजे हा सारे दिवस इथेच होता तर."